खोली तयार होईपर्यंत

धाकटीनं साठी ओलांडली होती. बटणं आणि अस्तरं विकता विकता तिच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला होता, पण अख्खा बाजार तिला अजून धाकटीच म्हणायचा. थोरली होती म्हणून ही धाकटी, एवढाच हिशेब. थोरली म्हणजे ताई. सीमेपलीकडच्या देशात राहणारी, उंच, देखणी, कडक इस्त्रीशिवाय दारात पाऊल न टाकणारी. हयातभर तिनं टूर मॅनेजर म्हणून बसभर माणसं या देशातून त्या देशात फिरवली होती. दोघींच्या मधल्या रस्त्यावर तिला ठाऊक नाही असं एक वळण नव्हतं.

ताईचं ऑपरेशन झालंय हे कळल्यावर धाकटीनं तिच्याकडं जायचं ठरवलं. कानाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी धाकटीला विमान बंद केलं होतं, तेव्हा मोटारीनंच जायचं. गाडी चालवणार तिचा मुलगा. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि रस्ता रिकामा असला तरी वळताना इंडिकेटर लावल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. इतक्या लांब तो स्वतःही कधी गेला नव्हता. पण आईसमोर ते कबूल करायचं म्हणजे मास्तरकीलाच बट्टा, म्हणून गप्प बसला.

धाकटीनं ताईला फोनवर बेत सांगितला. ती म्हणाली की यायचंच असेल तर नीट या, धावतपळत नको. तिनं सांगितलेल्या जागा बघत बघत यायचं. आपली तब्येत आता ठीक आहे, नुसता अशक्तपणा आहे, घाई कसलीच नाही. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

मग रोज दुकान बंद झालं की तोच कार्यक्रम. अस्तरं मापायच्या टेबलावर मास्तर नकाशा पसरायचा, ताई फोनवरून थांबे सांगायची आणि धाकटी प्रत्येक थांब्यावर एकेक बटण ठेवायची. देवदारांनी वेढलेल्या तळ्यावर निळं. गरम पाण्याच्या झऱ्यांवर लाल. कापड विणणाऱ्यांच्या गावावर लाकडी, कारण तिथं ताईच्या मते धाकटीचा पाय निघणार नव्हता. तळ्याकाठचा लाकडी धक्का, त्याच्या टोकाशी येऊन थांबणारी बदकं, दुपार कलल्यावर पाण्यात पडणाऱ्या सावल्या, सगळं ताई असं सांगायची की दुकानात बसून धाकटीच्या पायाला गारवा लागायचा. कित्येक वर्षांत दोघी इतक्या बोलल्या नव्हत्या. धाकटीला वाटे, हे असंच चालू राहावं, निघूच नये. या वाटण्यावर ती पुढं जन्मभर चरफडणार होती.

व्हिडिओवर बोलूया म्हटलं की ताई सांगायची, फोनचा कॅमेरा बिघडलाय. धाकटीनं मान डोलावली. सरळ माणसाला सरळच दिसतं सगळं.

दोन दिवसांचा रस्ता आठवड्यावर गेला. निघायची तारीखही ताईनं दोनदा पुढं ढकलली, झऱ्यांपाशी नीट खोल्या मिळत नाहीत म्हणून. अखेर एका संध्याकाळी तिनं एक जुना पूल सांगितला आणि मास्तरचं घोडं अडलं. फोन ठेवल्यावर त्यानं पट्टी लावून पाहिलं. पूल मागं होता. तळ्यावरून पुढं गेल्यावर पुन्हा तळ्याच्याही अलीकडं यायचं, पूल बघायचा आणि परत त्याच रस्त्यानं जायचं.

"मावशी चुकली," मास्तर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मावशीची चूक सापडल्यानं तो जरा खुशीतच होता.

"रस्त्याच्या बाबतीत ताई चुकत नाही," धाकटी म्हणाली, आणि हातातलं बटण हातातच राहिलं.

तिला एकदम ताईच्या बसमधून केलेली एकमेव सहल आठवली. त्या सहलीत धाकटीनं प्रत्येक ठिकाणी संडासावरून कुरकुर करून ताईला नको नको केलं होतं. शेवटच्या गावाजवळ हॉटेलवाल्यानं कळवलं की खोल्या तयार नाहीत, आधीचे लोक अजून निघताहेत, चादरी बदलायच्यात. ताईनं माइक हातात घेतला आणि हसतमुखानं जाहीर केलं की आता आपण एक खास जागा बघणार आहोत, जी सहसा कुणी दाखवत नाही. बस मागं वळली. कुठलासा पडका पूल बघून लोक खूश झाले, फोटो काढले. मग ताई धाकटीच्या कानात म्हणाली होती, खोली आवरलेली नसेल तर पाहुण्याला दारात न्यायचं नाही, बस फिरवत ठेवायची. आवराआवर कुणाला दिसता कामा नये.

धाकटीनं बटण टेबलावर ठेवलं. तिनं तिथूनच भाचीला फोन लावला. ताईची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती, ती त्या वेळी दुकानात असणार आणि ताई जवळ नसणार. धाकटीनं एकच विचारलं, ताई खरंच कशी आहे. भाची आधी बरेच आढेवेढे घेत राहिली आणि मग रडायलाच लागली. ऑपरेशनचा उपयोग झाला नव्हता. आईनं शपथ घातली होती. तिचं वजन उतरलं होतं, केस गेले होते, चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, घरातले आरसे तिनं काढायला लावले होते. आईचं म्हणणं, धाकटीनं सगळं उरकल्यावर यावं. आणि उरकायला आता फार वेळ नव्हता.

धाकटीनं नकाशावरची बटणं एका फटक्यात खाली लोटली. ताईचा इतका राग तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता. गिऱ्हाईक समजते काय मला, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि मग जमिनीवर बसून बटणं वेचत रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. थांबे नाहीत, झरे नाहीत, सरळ हमरस्ता. मास्तरनं त्या दिवशी अशी गाडी हाणली की शिष्यांनी पाहिली असती तर फी परत मागितली असती. सीमेवरच्या रांगेत मात्र दुपार गेली. पुढं एक माणूस फळांच्या पेट्यांचे कागद शोधत होता आणि अधिकारी शांतपणे चहा पीत होता. धाकटी गाडीतून उतरून येरझारा घालत राहिली, त्या दोघांना मनातल्या मनात लाखोली वाहत.

सीमा ओलांडून ते पेट्रोल पंपावर थांबले असताना ताईचा फोन आला. आवाज कालच्याहून बारीक झाला होता. तळ्याला पोचलात का, तिनं विचारलं. ताईच्या बेताप्रमाणं निघायला अजून दोन दिवस होते, पण धाकटीनं आदल्या रात्रीच निरोप पाठवला होता की आम्ही लवकर निघतोय, थांबे मात्र सगळे घेऊ.

"पोचलो," धाकटी म्हणाली.

"कसं आहे?"

पंपावरच्या तेलकट फरशीकडं बघत धाकटीनं सांगायला सुरुवात केली. देवदार, लाकडी धक्का, टोकाशी आलेली बदकं, पाण्यात पडलेल्या सावल्या. फार सुंदर आहे गं, ती म्हणाली. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, छान, सावकाश या.

सकाळी ते दारात पोचले तेव्हा भाची वाट बघत उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं सांगितलं की काल फोन ठेवल्यावर आई म्हणाली, धाकटी तळ्यावर नाहीये, ती इकडं येतेय. पोचल्या पोचल्या संडासाला नावं ठेवली नाहीत तिनं. मग आईनं पलंग वळवायला लावला, भिंतीकडं तोंड होईल असा.

धाकटी आत गेली. पांढरी, कडक इस्त्रीची चादर होती आणि तिच्याखाली एवढंसं काहीतरी. डोक्याला रुमाल बांधला होता. तिला दिसत होती ती फक्त पाठ. रस्ताभर मनात घोकलेली भांडणं एकाएकी कुठं गेली ते तिला कळलं नाही.

"नको बघूस गं," ताई भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली. शब्द धड फुटत नव्हते.

"नाही बघत," धाकटी म्हणाली. "तू वळूही नकोस. मी इथं बसते."

ती पाठीमागं पलंगावर टेकली आणि पाठीवर हात ठेवला. चादरीखाली हाडं लागली. थोड्या वेळानं ताईचा हात मागं आला, चाचपडला, आणि धाकटीनं तो धरला. दिवसभर दोघी तशाच होत्या. धाकटी बोलत राहिली. दुकानातली गिऱ्हाइकं, सीमेवरचा चहा पिणारा अधिकारी, मास्तरचं गाडी हाणणं. मास्तरच्या गोष्टीला ताईची पाठ हलली, ती हसत असावी. पाणी पाजायला, तोंड पुसायला भाची यायची, तेव्हा धाकटी डोळे मिटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हातातला हात सैल पडला. ती तरी तो धरून बसली होती. मग भाचीनं येऊन तिच्या खांद्याला हात लावला.

घरात माणसं जमली, पलंग पुन्हा सरळ करायची वेळ आली. तशी धाकटी उठली आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभी राहिली. मास्तर तिच्या मागं आला. आई, आत चल, शेवटचं बघून घे, त्यानं हळूच सांगितलं. इतक्या लांबून आलीस.

"ती नको म्हणाली आहे," धाकटी म्हणाली, आणि आतून चेहरा झाकल्याचा निरोप येईपर्यंत रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.