पोपटात प्राण आणणारी लेन्स

पोपट मेलेला होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पोटात पेंढा, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी, एका पंखाला कसर लागलेली. तरीही त्या रविवारी सकाळी चपलांच्या दुकानावरच्या माडीत जमलेली पन्नासेक शहाणी माणसं त्याच्याकडे अशी टक लावून बसली होती, की आता हा शीळ घालणार आणि मागोमाग चहा मागणार.

प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. हौशांच्या गळ्यात दोन. एका गृहस्थांनी छातीवर आडवा पट्टा बांधून त्यात इतक्या लेन्सेस खोचल्या होत्या, की ते फोटो काढायला निघालेत की लढाईला, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. आणि समोर, उजेडाच्या खिडकीत ठेवलेल्या त्या पोपटाशेजारी, काळा सदरा घालून प्रकाशगुरू उभे. केस चापून मागे बसवलेले, इतके तेलकट की त्यांत खिडकीचं प्रतिबिंब दिसावं.

"काच म्हणजे काय?" गुरूंनी विचारलं.

उत्तर येत असलेली माणसं अशा ठिकाणी जात नाहीत.

"काच म्हणजे झोपलेला प्रकाश! तुम्ही दुकानातून लेन्स आणता, ती झोपलेली असते. कंपनी तुम्हाला आकडे विकते. इतके मेगा, तितके मिलिमीटर. अहो, आकड्यांनी पोपट बोलतो का?"

"नाही, नाही," सभेनं मान्य केलं.

निवृत्त मुख्याध्यापक पुढे झाले. आयुष्यभर पोरांना प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' लिहायला लावलेले सद्गृहस्थ. त्यांनी आपली लेन्स दोन्ही हातांनी गुरूंच्या स्वाधीन केली. गुरूंनी विचारमग्न होऊन केसांवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर अंगठा हलकेच गोल फिरवला. याला तिथं नाडीपरीक्षा म्हणत.

"सर," गुरू कळवळून म्हणाले, "काच थकलीय हो."

त्यांनी ती लेन्स कॅमेऱ्याला लावून पोपटाचा फोटो काढला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर पोपट उमटला तो नुकताच गरम पाण्यानं न्हाऊन आल्यासारखा, सगळीकडे वाफच वाफ. "अरेरे," लोक म्हणाले. मग गुरूंनी आपल्या मखमली पेटीतून 'जागृत' लेन्स काढली, चढवली, खटका दाबला. आणि काय सांगू! पीस न् पीस मोजून घ्यावं. हिरवा असा, की डोळ्यांना थंडावा. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना हुंदका फुटला.

"बोलेल हो आता!" कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या रांगेत बसलेल्या कवळीवाल्यानं शेजारी बसलेल्या बहिणीला कोपरानं ढोसलं. "बघितलंस, ताई?"

"बघतेय," ताई म्हणाली. ती पोपटाकडे बघत नव्हती. ती गुरूंच्या अंगठ्याकडे बघत होती.

कवळीवाला म्हणजे दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवणारा. गावातलं निम्मं हसू त्याच्या टेबलावर तयार झालेलं. लग्नात, सभेत, स्मशानातसुद्धा कुणी तोंड उघडलं की हा मनात म्हणे, हे आपलं काम. कॅमेऱ्याचा नाद त्याला फार पूर्वीपासून, आणि कवळी घासण्यात जन्म गेल्यामुळे बारकाईची खोड. पण गेलं वर्षभर त्याला एकच फोटो हवा होता. बाबांच्या हसण्याचा.

त्याचे बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचं हसू सात गल्ल्या ओलांडून जाई. गिऱ्हाईक भावावरून तणतणत यायचं आणि ते हसले की मुकाट पोतं उचलून न्यायचं. त्या बाबांना कंपवात झाला. आधी हात थरथरू लागले, मग पाऊल अडखळू लागलं. ताई डोळ्यांची डॉक्टर. तिनं भावाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं.

"हा रोग चेहऱ्यालाही धरतो रे. स्नायू आखडतात. आतून हसू येतं, पण ओठांपर्यंत पोचत नाही. फोटो काढायचाय ना तुला? आज काढ."

"काढला ग. पण त्यात बाबा नाहीत. लेन्समध्ये दमच नाही."

तिथं घोळ झाला. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू रोज चिमूटभर कमी होत होतं, आणि याला वाटत होतं, कॅमेरा चोरतोय. असा गैरसमज साध्या माणसाचा होत नाही. त्याला महागडा कॅमेरा लागतो. साधा माणूस बापाच्या तोंडाकडे बघेल. हा स्क्रीनवर फोटो मोठा करकरून पापण्या मोजी.

मग गुरू भेटले. त्यांनी नाडी बघितली, काच थकल्याचं सांगितलं, जुनी लेन्स ठेवून घेतली आणि वर दाम घेऊन जागृत लेन्स दिली. मुख्य ताकीद. "काचेला कापड लावायचं नाही. कापड लागलं की जाग गेली." कवळीवाला घरी धावला. फोटो काढला. पापण्या स्वच्छ, हसू आणखी फिकं. कारण मधल्या आठवड्यांत रोग पुढे सरकलेला.

"हसू खोल आहे," गुरूंनी निदान केलं. "खोल उतरणारी लेन्स लागेल."

पुन्हा बदल. पुन्हा तेच. घरी बाबा खुर्चीत बसून पुटपुटत, "अरे, मोबाइलनं काढ की. किती दिवस नेम धरून बसतोस?"

"बाबा, तुमचं हसू मोबाइलात मावायचं नाही."

"मावेल रे. मी आवरून हसेन."

यावर बाबा हसलेसुद्धा होते. चांगले दात दिसेपर्यंत. पण कॅमेऱ्यावर तेव्हा टोपण होतं. जागृत काच उगाच उघडी ठेवायची नाही, अशीही ताकीद होती.

आणि आज तो आला होता तो गुरूंच्या सर्वांत वरच्या लेन्ससाठी. तिला 'त्रिकाळ' म्हणत. ती भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही टिपते, असा बोलबाला. भविष्य टिपलेला फोटो कुणी बघितला नव्हता, कारण तो अजून यायचा होता. ताई त्याला अडवायला निघाली, तेव्हा तो म्हणाला होता, "एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग बोल." म्हणून ती आली होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं. त्यानं लेन्स दिली. गुरूंचा हात केसांवरून फिरला, डोळे मिटले, अंगठा काचेवर गोल गेला.

"हिच्यात आता काही राहिलं नाही, बाळा."

पोपट वाफेत उमटला. आणि तेवढ्यात ताई उठून सरळ पुढे गेली.

"जरा बघू?" म्हणत तिनं कॅमेरा गुरूंच्या हातातून घेतलासुद्धा. तिच्या दवाखान्यात दिवसभर रोगी काचांना बोटं लावतात. डोळा लावण्याआधी काच पुसणं हे तिचं श्वास घेण्यासारखं. तिनं पदरातला रुमाल काढला आणि काच खसाखसा पुसली.

"कापड लावलं! अहो, बाईंनी कापड लावलं!" माडी हादरली. छातीवर लेन्सेस खोचलेले गृहस्थ अर्धे उभे राहिले.

ताईनं खटका दाबला. भिंतीवर पोपट आला. स्वच्छ. पीस न् पीस. कसर लागलेला पंखसुद्धा.

खाली दुकानात कुणीतरी चपलेचा नंबर मागत होतं, ते वर माडीत ऐकू आलं.

"गुरुजी, तेल कुठलं वापरता?" ताईनं विचारलं. "पसरतं छान. आता तुमची जागृत द्या बघू."

तिनं पेटीतली त्रिकाळ उचलली, तेलकट रुमाल तिच्या काचेवरून फिरवला आणि फोटो काढला. पोपट पुन्हा वाफेत.

"घ्या. ही पण थकली. माझ्या हातून मिनिटभरात थकली, म्हणजे मी तुमच्याहून मोठी गुरू. तुम्ही हात केसांवर फिरवता, तो अंगठा काचेवर. समोर खिडकीचा उजेड, मग धुकं येणारच. आणि स्वतःच्या लेन्सच्या वेळी तुमचं बोट त्या वरच्या चाकावर जातं, फोटो उजळ करायच्या. दोनदा बघितलं मी."

कवळीवाल्यानं तिच्या हातातून त्रिकाळ घेतली आणि तो तिची कडा निरखू लागला. प्रयोगशाळेत प्रत्येक कवळीच्या आत बारीक खूण कोरावी लागते, नाहीतर एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात जायचे. त्या सवयीनं त्यानं आपल्या सगळ्यात पहिल्या लेन्सच्या कडेवर दातांच्या ड्रिलनं एक अक्षर कोरलं होतं, बाबांच्या नावातलं. ते अक्षर इथं होतं.

"ताई," तो म्हणाला. "ही माझीच आहे. पहिली. हिनंच मी सुरुवात केली होती."

मग एकच गलका. जो तो दुसऱ्याच्या गळ्याकडे बघू लागला. "अहो, हा ओरखडा माझा!" "ही तर मी गेल्या महिन्यात दिली!" सबंध माडी एकमेकांच्या थकलेल्या लेन्सेस जागृत म्हणून गळ्यात घालून बसली होती. मुख्याध्यापकांच्या हातात त्यांच्या जावयाची लेन्स निघाली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. लोकांनी गुरूंना जिन्यावरून खाली पोचवायला हवं होतं. पण गुरू कसलेले. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले, आणि त्यांच्या गालावरून चक्क एक आसू ओघळला.

"आज चक्र पूर्ण झालं," ते म्हणाले. "मी सांगणार नव्हतो. लेन्स माझ्या हातानं जागी होत नाही. ती तुमच्या हातांतून फिरते, दहा जणांची तळमळ पिते, आणि मग जागी होते. म्हणून या मुलाकडे ती फिरून आली. त्रिकाळ होऊन आली!"

मग मुख्याध्यापकांनी मान डोलावली. "तरीच," ते म्हणाले.

"तरीच काय?" ताई ओरडली. "सर, तुमच्या डोळ्यांसमोर तेल पुसलं मी!"

"बाई, तुम्ही डॉक्टर असाल. पण आम्ही काय इतकी वर्षं डोळे मिटून फोटो काढले? माझ्या फोटोंत फरक पडलाय. मला दिसतो."

"दिसतो हो, दिसतो!" मघाच्या हुंदकेवाल्या बाई म्हणाल्या. "काहींना नसेल दिसत. तशी दृष्टी लागते."

ताईनं जगभरच्या आंधळ्यांना अक्षरं वाचायला लावली असतील, पण या माडीपुढे तिचं काही चाललं नाही. इतका खर्च केलेल्या माणसाला खरं सांगणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं वाटतं त्याला. दोघं ती पहिली लेन्स घेऊन जिना उतरू लागली, तेव्हा मागे रांग पुन्हा लागत होती, आणि गृहस्थ छातीवरची एकेक लेन्स काढत विचारत होते, "गुरुजी, माझ्या चार हातांत फिरल्यात. अजून किती लागतील?"

घरी दुपारचं ऊन खिडकीतून आत आलेलं. बाबा खुर्चीत. कवळीवाल्यानं पहिली लेन्स पुसली, कॅमेऱ्यावर चढवली आणि समोर बसला. ताईनं झालेला सगळा प्रकार सांगायला घेतला. गुरूंसारखे केस चापले, डोळे मिटले, पोपटासारखी मान तिरकी केली. तिला नकला कधी येत नसत. पण त्या दुपारी तिनं जीव तोडून केल्या. पूर्वीचे बाबा असते तर छप्पर उडालं असतं, शेजारीपाजारी काय झालं म्हणून आले असते.

बाबांचे खांदे किंचित हलले. डोळ्यांत पाणी आलं. चेहरा होता तसाच, सपाट, लिंपलेल्या भिंतीसारखा.

"बाबा, हसा ना," कवळीवाला कॅमेऱ्याआडून म्हणाला. "एकदाच."

"हसतोय की रे," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक, की तो ऐकायला मुलाला कॅमेरा खाली घ्यावा लागला.

त्यानं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावून खटका दाबला. फोटो सुरेख आला. पापण्या मोजाव्यात, कपाळावरची शीर मोजावी. उजेड नेमका, फोकस नेमका. ओठ मिटलेले. त्या ओठांमागे त्यानंच बनवलेली कवळी होती. ती कुणाला दिसली नाही.

"आला का रे?" ताईनं विचारलं.

"आला. काही दोष नाही त्यात."

ताईनं स्क्रीनकडे बघितलं आणि कॅमेरा हळूच बंद केला. बाबा म्हणाले, दाखव बघू, तर दोघंही चहाचं निमित्त काढून आत गेली.

पुढच्या रविवारी माडी पुन्हा भरली. आता तर लोक आपणहून लेन्सेस अदलाबदल करतात, आणि त्यातही गुरूंना दक्षिणा मिळते. पोपटाला नवे मणी बसवलेत म्हणे.

म्हणून ज्यांचे कान अजून उघडे आहेत, त्यांना सांगतो. काच झोपत नाही, जागी होत नाही, थकतही नाही. ती मळते, आणि मळली तर पुसायची. कुणी तुमची वस्तू वाईट आणि आपली चांगली असं दाखवू लागलं, तर दोन्ही एकदा स्वतःच्या हातानं पुसून, स्वतःच्या हातानं लावून बघा. तिथं लाज धरू नका, आणि फसलात तर तसं म्हणायलाही धरू नका. थकतो तो समोरचा माणूस. त्याला जागृत करणारी लेन्स कुठल्याही पेटीत नाही. तुमच्या घरी आज कुणी हसत असेल, तर हाताशी जे असेल त्यानं फोटो काढा.