शेवटच्या शेरातलं नाव

"नाव बदललं तरी हूं की चूं केलं नाही पोरीनं. गरीब गाय आहे, बरं झालं!" माणिकताई स्वयंपाकघरात लेकाला, श्रीरंगला, हळूच सांगत होत्या. बाहेर त्यांची नवी सून कपाट आवरत होती. तिनं ऐकलं. मी तिच्या हातात होतो, म्हणून मीही ऐकलं.

मी एक उर्दू गझलसंग्रह. इथेच, लखनौच्या चौकात, एका कातिबानं, सुंदर हस्ताक्षराच्या लेखनिकानं, बोरूनं माझं अक्षरन् अक्षर वळवलं आणि मग मला शिळाछापाच्या दगडावरून छापलं. आधी अल्लाची स्तुती, मग पैगंबरांची, आणि त्यानंतर कुठे कवीचं प्रेमातलं गाऱ्हाणं. आमच्याकडची रीतच तशी. एक मास्तर मला उशाशी ठेवायचे. मुशायऱ्याहून परतले की माझ्या समासाशी वाद घालायचे. ते गेले, घर भाड्यानं दिलं गेलं, मी कपाटातच राहिलो. भाड्यानं राहायला आलेल्या माणिकताईंनी माझ्यावर गौरीचे मुखवटे ठेवले. तक्रार नाही. शेजार चांगला होता, अबोल.

सूनही तशीच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुचित्रा' लिहिलं. माहेरची आर्या बहुधा त्याच तांदळांच्या खिरीत शिजली. त्या दिवशी तिला राग आला नाही, रडूही नाही. काहीच आलं नाही.

दुपारी ती मला समोरच्या नसीम आपांकडे घेऊन गेली आणि सवयीनं डावीकडून उघडून बसली.

"अरे दुल्हन, आप तो पिछले दरवाजे से दाखिल हो गईं!" आपा हसल्या. "हमारी किताब दाहिनी तरफ से खुलती है."

पण पान त्यांनी मिटलं नाही. शेवटच्या शेरावर बोट ठेवलं. "ये शायर का तखल्लुस है. घरवालों ने नाम कुछ और रखा था. ये उसने खुद चुना."

"मग आखिर में क्यों?"

"पहले दिल का हाल, फिर नाम. लखनऊ है बीबी, तमीज भी कोई चीज है!"

मग ती रोज जाऊ लागली. अलिफ गिरवला, बे गिरवला. घरी मात्र 'सुचित्रा' म्हटलं की 'ओ' देत राहिली. मी मात्र वाट पाहत होतो. गझल शेवटच्या शेराशिवाय मिटत नाही.

आज वृंदावन योजना या लखनौच्याच वसाहतीतल्या नव्या फ्लॅटसाठी नावाची पाटी करणारा आला. "श्रीरंग आणि सुचित्रा लिहा भैया," माणिकताई म्हणाल्या. "आणि श्रीरंग, ते उलटं पुस्तक रद्दीत टाक रे."

माझी शिवण सुटलीय, कडा पिवळ्या पडल्यात. वाचणाऱ्यांनो, मला कुठूनही उघडा, फक्त शेवटच्या ओळीआधी मिटू नका.

ती मला घेऊन दारात आली. आवाज चढला नाही.

"आई, हे पुस्तक नव्या घरी येणार आहे. आणि पाटीवर सुचित्रा नको. माझं नाव आर्या."