दोरीची बारावी गाठ

ड्रायव्हरताईनं शाळेच्या फाटकात दोरी ताणून धरली आणि पोरं मोजली. अकरा. तिनं उलट्या टोकाकडून मोजली. तरी अकरा. मग प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारत मोजली आणि शेवटच्या गाठीपाशी आल्यावर तिचा हात हवेतच राहिला. गाठ होती. गाठीला बांधलेली सायकलची घंटा होती. गाठ धरणारी टिकली नव्हती.

"टिकली कुठंय?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"अरे, टिकली कुठंय?"

"ती उतरली," भोंग्या म्हणाला. याचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायचा म्हणून हा भोंग्या.

"उतरली म्हणजे?"

"म्हणजे बसमधून उतरली ना! मला म्हणाली, घंटा तू वाजव, मी आलेच. मग मी वाजवली. दोनदाच वाजवली, ताई. दोनदा म्हणजे चला, हो ना?"

आणि शाबासकीसाठी मान वर करून उभा राहिला.

आता ही बस म्हणजे कुठली बस? चाकं नाहीत, इंजीन नाही, हॉर्न नाही. एक जाड सुती दोरी, तिला बारा गाठी, आणि एकेका गाठीला एकेक पोर. सकाळी सात दहाला पाण्याच्या टाकीपासून निघायची, वाटेत दारादारातून पोरं घ्यायची आणि पावणेआठच्या आत चालत शाळेत. पुढे ताई, ती ड्रायव्हर. शेवटच्या गाठीला कंडक्टर. हे सगळं डोकं ताईचंच. शाळेत खेळ शिकवायची, नोकरीला जेमतेम दुसरं वर्ष. रोज सकाळी फाटकासमोर पन्नास गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, आणि पहिल्या तासाला मैदानावर निम्मा वर्ग खोकत उभा! मागच्या महिन्यात ती तडक मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेली होती. पोरांना गाडीनं सोडायचंच कशाला, चालत आणू की!

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिला पूर्ण बघून घेतलं.

"दोन आठवडे करून बघा. पण एक जरी पोर इकडचं तिकडं झालं ना, तर बस त्याच दिवशी बंद."

आजचा दिवस दोन आठवड्यांतला शेवटचा. दहा वाजता निकाल.

आणि हरवावं कुणी, तर टिकलीनं! टिकलीची आई विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. जगात माणसाचं काय काय होऊ शकतं याची यादी तिच्याइतकी कुणालाच पाठ नव्हती. पालकांच्या बैठकीत तिनं एकटीनं अर्धा तास घेतला. कुत्रं आलं तर? वरून कुंडी पडली तर? तुम्हालाच चक्कर आली तर? ताई हसून म्हणाली होती, "मी खेळाची शिक्षिका आहे हो, मला चक्कर येत नाही." त्यावर टिकलीची आई हसली नव्हती. संमतीपत्र शेवटच्या दिवशी आलं, सहीखाली बारीक अक्षरात 'नाइलाजानं' असं लिहून.

आणि चूक कुठे झाली ते ताईला पक्कं ठाऊक होतं. दोरीच्या मागे रोज शाळेचे माळीकाका चालायचे. आज सकाळी त्यांचा फोन आला, ताप चढलाय, उठवत नाही. त्याच क्षणी बारा घरी फोन करून बस रद्द करायला हवी होती. पण शेवटच्या दिवशी रद्द? तिनं मनाला गप्प केलं आणि एकटीच निघाली.

तिनं दोरी शिपाईमावशींच्या हातात कोंबली.

"मावशी, हे अकरा वर्गात सोडा."

"आणि बारावी?"

"आणते," ताई म्हणाली आणि पळत सुटली.

शंभर मीटर धावायला तिला कधी दम लागला नव्हता. आज कोपऱ्यापर्यंतच धाप लागली. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता.

"काय ताई, बस उलटी निघाली? मी म्हणत होतो ना, एकदा सर्व्हिसिंगला टाका," असं म्हणत त्यानं वर बघितलं आणि तिचा चेहरा बघून ट्यूब खाली ठेवली. "काय झालं?"

"टिकली दिसली? एवढीशी आहे. पाठीला हिरवं दप्तर, त्यावर बेडूक."

"बेडूकवाली? ती रोज मला टाटा करते. आज नाही केला." तो थोडा थांबला. "म्हणजे इथपर्यंत आलीच नसेल. सिग्नलच्या पलीकडेच बघा."

सिग्नलच्या पलीकडे! म्हणजे मधे मोठा रस्ता आला. चार पदरी रस्ता आणि सकाळची वेळ, सगळ्यांना कामावर पोचायची घाई. सहा वर्षांची पोर मागे राहिली, घाबरली, एकटीच दोरीमागे धावत सुटली तर? ताईला पुढचं बघवेना, आणि डोळ्यांसमोरून ते हलेना.

सिग्नलला आली तर चालणाऱ्यांचा दिवा लाल. समोरून बस गेली, ट्रक गेला, गाड्यांची भिंतच. पलीकडचं काही दिसेना. तिनं फोन काढला. टिकलीच्या आईचं नाव समोर होतं. आधी शोधू, सापडली तर कुणाला कळणारही नाही, असा विचार तिच्या मनात आला. आला, हे खरंच. अंगठा स्क्रीनवर तसाच थांबला. मग तिनं तो दाबला.

तीनदा रिंग वाजली. फोन कट झाला. तिनं परत लावला. परत कट.

तेवढ्यात गाड्या थांबल्या, भिंत हटली, आणि पलीकडच्या फूटपाथवर तिला हिरवं दप्तर दिसलं.

टिकली एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून उभी होती. दिवा हिरवा झाला तशी ती त्यांना घेऊन रस्त्यात उतरली. ते काठी पुढे टेकवायचे, मग एक पाय, मग जरा दम, मग दुसरा पाय. आणि टिकली? तिचं एकच चाललेलं, खणखणीत आवाजात.

"पुढे चला, आजोबा, पुढे चला! पुढे जागा आहे!"

आजोबा कोण ते ताईला आत्ता ओळखू आलं. चढाखालच्या पिवळ्या फाटकातले आजोबा! चार महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेले. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, मुलानं हात जोडले, सुनेनं अबोला धरला, पण यांचं ठरलेलं उत्तर, उद्यापासून. रोज फाटकात खुर्ची टाकून बसायचे आणि दोरी गेली की ओरडायचे, "आम्हाला पण घ्या की गाडीत!" आणि ताई, मागे वळूनसुद्धा न बघता, "या की!"

अर्धा रस्ता झाला आणि दिवा लुकलुकायला लागला. ताई पळत मध्यापर्यंत पोचली, आजोबांच्या दुसऱ्या काखेत हात घातला. दिवा लाल. एका गाडीनं हॉर्न दिला, दुसरीनं दिला, तिसरी तर हळूच पुढे सरकायलाच लागली. आणि तेवढ्यात मागून एक बाई थेट त्या गाडीसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात आडवे. ऑफिसचे इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, आणि पायात मात्र धावायचे बूट.

"दिसत नाही का, माणसं जातायत? थांबा म्हणजे थांबा!"

गाड्या थांबल्या. आजोबा आपल्या चालीनं गेले. टिकलीची आई सगळ्यात शेवटी, तशीच हात आडवे धरून, उलट्या पावलांनी फूटपाथवर आली.

ताई कठड्यावर मटकन बसली. टिकलीला जवळ ओढलं, तिचे दंड चाचपले, केस मागे सारले. टिकली मात्र कमरेवर हात ठेवून तयारच होती.

"ताई, तुम्ही गाडी सोडली! प्रवासी राहिला होता! तुम्हीच सांगितलंय ना, प्रवासी राहिला तर कंडक्टरनं उतरायचं?"

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, मोठ्या रुबाबात सांगितलं होतं.

"तिला रागवू नका," आजोबा धापा टाकत म्हणाले. तोंड लाल, पण डोळे कसे चमकत होते! "काल ही मला म्हणाली, उद्या तुमची जागा धरते. आता जागा धरल्यावर यायला नको? पण चार महिन्यांनी बूट घालायचे म्हणजे... तुम्ही गेलात तेव्हा एकच चढला होता. हाक मारली, तर हिलाच ऐकू आली."

"आई!" टिकलीचं आत्ता कुठे लक्ष गेलं. "तू ऑफिसला नाही गेलीस?"

"जाते आता," आई म्हणाली. तिच्या हातातल्या फोनवर ताईचे दोन मिस्ड कॉल होते. ताई उठून उभी राहिली.

"चूक माझी आहे. काका आजारी होते, मी एकटीच निघाले. ही कधी सुटली ते मला कळलंसुद्धा नाही. शाळेत जाऊन मोजल्यावर कळलं."

"माहितीय. मी मागेच होते."

"आज?"

"रोज." बाईनं पर्सचा पट्टा सारखा केला. "पहिले दोन दिवस स्कूटरवर. पण तुमच्या बसच्या वेगानं स्कूटर चालतच नाही हो, सारखी बंद पडते. मग चालत. एका खांबामागून दुसऱ्या खांबामागे. लोक काय म्हणत असतील कोण जाणे."

ताईला हसू यायला लागलं, पण तिनं ते गिळलं.

"मग फोन का कट केलात?"

"एक तर हिला कळलं असतं. आणि दुसरं म्हणजे..." ती आता सरळ ताईकडे बघत होती. "पोर दिसेनासं झालं की काय होतं, ते दोन मिनिटं तुम्हालाही कळू दे म्हटलं."

"कळलं," ताई म्हणाली. "मोठ्या बाईंना मी सगळं सांगणार आहे. दहा वाजता. बस बहुतेक बंदच होईल."

"सांगाच. काही लपवू नका." बाईनं घड्याळ बघितलं. "दहाला ना? मी पण येते."

ताईनं मान हलवली. आता ही बाई तिथे अर्धा तास घेणार आणि कुंडीपासून सुरुवात करणार, यात तिला शंका नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्याचंही काही वाटलं नाही. पोर समोर उभी होती, धडधाकट, दप्तरावरच्या बेडकासकट. छातीवरचा दगड उतरला होता, आणि दगड उतरल्यावर माणूस जसं उगाचच हलकं हलकं चालतं, तशी ती टिकलीचा हात धरून शाळेकडे वळली.

"अहो, आणि माझं काय?" आजोबा मागून ओरडले. "परतीची गाडी किती वाजता?"

"तुमची गाडी मी," टिकलीची आई म्हणाली. तिनं त्यांचं कोपर धरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजू नीट बघितल्या. मग परत बघितल्या. आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत, मान न वळवता म्हणाली,

"ताई, सोमवारी दहा मिनिटं आधी निघू. यांना चढावर वेळ लागतो."