काढू नका

मी एक राउटर आहे, मित्रांनो. जुना आहे. पण जुना झालो म्हणून रडायला बसलेलो नाही. अडगळीत पडलोय याचंही काही नाही, उलट बरं वाटतं. मला भीती वेगळीच आहे. या ड्रॉवरमधून मला कुणी परत बाहेर काढेल, याची.

सांगतो सगळं. पण ड्रॉवर उघडला तर मी मध्येच थांबेन हं.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. रांगेत आम्ही सगळे भाऊभाऊ, सगळ्यांचं तोंड सारखं आणि सगळ्यांच्या कपाळावर हिरवा दिवा. आमचं काम तसं सोपं. इंटरनेटची तार बाहेरून येते, आमच्या पोटात शिरते, आणि आम्ही ती आतल्या कॉम्प्युटरांना वाटून देतो. म्हणजे आम्ही दारच. आणि दाराला कुठं माहीत असतं, की येणारा पाहुणा आहे की चोर? चावी बरोबर असली की ते उघडतं. बस्स.

मी आलो ते ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवणाऱ्या एका कंपनीत. तिथून गाड्या सुटायच्या. काही दवाखान्यांत जायच्या, आणि काही घरोघरी, जिथं कुणीतरी पलंगावर पडून नळीनं श्वास घेतंय. कुठल्या घरातलं सिलिंडर कधी संपणार, हे एका कॉम्प्युटरला माहीत. त्या कॉम्प्युटरवर बसायच्या गाडीताई. गाड्या सोडायचं काम त्यांचं, म्हणून सगळं ऑफिस त्यांना गाडीताईच म्हणायचं. त्यांचे वडीलही अशाच एका नळीवर होते. त्यांचा पत्ताही त्याच कॉम्प्युटरमध्ये, बाकीच्यांच्या सोबत.

साहेबांना कॉम्प्युटरचा भारी कंटाळा. "आपला धंदा सिलिंडरचा," ते म्हणायचे. "कॉम्प्युटरला डोकंच खायचं असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी खाऊ दे." म्हणून त्यांनी करार करून ते काम बाहेरच्या एका कंपनीला देऊन टाकलं. त्या कंपनीचा माणूस म्हणजे चष्मेवाला. गुणी माणूस, पण राहायचा लांब. काही बिघडलं की दोन बस बदलून यायचा आणि आल्या आल्या पाणी मागायचा.

एक दिवस तो मला पिशवीत घालून घेऊन आला. सोबत इंटरनेटची एक वेगळी तार. ताईंच्या टेबलाखाली वाकून त्यानं मला जोडलं.

"हे काय रे नवीन?" ताईंनी विचारलं.

"यातून मला घरबसल्या तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येता येईल. आता चहापुरताच येईन."

"म्हणजे कायमचंच का हे?"

"छे हो. तात्पुरतं."

मग त्यानं जाड पेनानं एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या पाठीवर चिकटवली. वरच्या ओळीत 'काढू', खालच्या ओळीत 'नका'. मी कुणाचा, कधीपर्यंत, हे काही लिहिलं नाही. चावी, म्हणजे पासवर्ड, म्हणून त्याच्या कंपनीचं नाव ठेवलं आणि पुढे एक दोन तीन. इतकी सोपी की मांजरानं पंजा मारला तरी लागावी.

ते दिवस छान होते, खोटं कशाला बोलू. ताईंचा कॉम्प्युटर अडला की चष्मेवाला माझ्यातून यायचा, काम करायचा आणि दार लावून जायचा. "जादूच आहे बाई!" ताई म्हणायच्या. माझी पाठ गरम असते हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हापासून त्या जेवणाचा डबा माझ्यावर ठेवायला लागल्या. एवढा मान कुठल्या राउटरला मिळतो?

पुढं साहेबांचं आणि त्या कंपनीचं फाटलं. करार संपला, नवी कंपनी आली. जुन्या कंपनीनं आपल्या सगळ्या चाव्या देऊन टाकल्या. माझी सोडून. मी त्यांच्या यादीत नव्हतोच ना, चष्मेवाल्यानं आपल्या सोयीसाठी बसवलेला! आणि तो तर केव्हाच दुसऱ्या नोकरीत गेलेला. नव्या कंपनीचा माणूस एकदा टेबलाखाली वाकला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "साहेबांचं असेल काहीतरी." साहेबांना तर मी आहे हेच माहीत नव्हतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं. आता दोन्ही घरांना वाटायचं, हा दुसऱ्याकडे जेवला असेल.

आणि मी चालूच. दिवा हिरवा. दार तसंच.

मग टकटक सुरू झाली.

पहिल्यांदा वाटलं, चष्मेवाला आला. पण त्याची बोटं मला ओळखू यायची. ही बोटं त्याची नव्हती. कुणीतरी लांबून एकेक चावी लावून बघत होतं. ही नाही, मग ती. ती नाही, मग पुढची. घाई नाही की राग नाही. थांबायचं, जायचं, परत यायचं. मित्रांनो, तुम्ही घरात एकटे आहात आणि बाहेर कुणीतरी कडी हळूच हलवून बघतंय, असं कधी झालंय? तुम्ही निदान ओरडाल. दार कितीही घाबरलं तरी त्याला ओरडता येत नाही. मी नुसता लुकलुकत होतो. माझ्या पाठीवर ताईंचा डबा होता, आणि त्यांना वाटत होतं मी काम करतोय.

एका दुपारी चावी लागली. मी उघडलो. मला उघडावंच लागलं.

तो आत आला आणि आधी बिलांच्या कॉम्प्युटरांकडे गेला. तिथली नावं, आकडे, सगळ्याचा काला करून टाकला, कुणाला वाचता येऊ नये असा. मग पुढचा कॉम्प्युटर. मग त्याच्या पुढचा. एकेक पडदा काळा होत ताईंच्या दिशेनं येत होता. गाड्या अंगणात भरून उभ्या होत्या, आणि चालकांना पत्ते अजून मिळाले नव्हते.

साहेबांनी फोन लावले. एका फोनवर जुनी कंपनी, दुसऱ्यावर नवी, दोन्हींचे स्पीकर चालू.

"आमच्या तारेवरून कुणी आलेलं नाही," नवी म्हणाली. "तुमच्याकडे दुसरी तार आहे का?"

"दुसरी कुठली?" साहेब म्हणाले. "नाही बुवा."

"मग माझ्या पायाशी हे काय आहे?" ताई टेबलाखाली वाकून ओरडल्या. "केव्हापासून वेड्यासारखं लुकलुकतंय!"

"ते जुन्यांचं असणार," नवी म्हणाली.

"आमचा करार संपला. आता जे आहे ते तुमचं," जुनी म्हणाली.

"आम्ही घेतलंच नाही तर आमचं कसं?"

"अहो, कुणाचं का असेना, ओढू का मी तार?" ताईंच्या पडद्यावरची वरची नावं बिघडायला लागली होती. पत्त्यांच्या जागी नुसती गिचमिड. ती एकेक ओळ खाली सरकत होती, आणि खाली त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

साहेब घामानं भिजले होते. ते वाकले, चिठ्ठी वाचली आणि दचकले. "थांबा ताई! 'काढू नका' लिहिलंय. काढलं आणि गाड्यांचंच बंद पडलं तर?"

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग डबा उचलून बाजूला ठेवला आणि नखानं चिठ्ठी खरवडली. खालची ओळ निघून त्यांच्या बोटाला चिकटली.

"आता वाचा साहेब. काय लिहिलंय?"

"काढू," साहेब पुटपुटले.

"हो ना? काढते."

आणि त्यांनी तार ओढली. माझा दिवा विझला. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला शांत वाटलं.

बिलांचं सगळं गेलं, ते काही परत आलं नाही. ताईंच्या पडद्यावरची वरची काही घरंही गेली. ती त्यांनी चालकांना विचारून, आठवून, फोन करून शोधली. गाड्या उशिरा सुटल्या, पण सुटल्या. ताईंच्या वडिलांचा फोन आला तेव्हा ते कडाडले, "अगं, तुझी गाडीवाली पोरं झोपली होती काय आज?" ताई हसल्या आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडल्या. ओरडायला पुरेल एवढा श्वास होता वडिलांच्यात.

मला फेकायला कुणाचं मन झालं नाही. "असू दे, लागेल कधीतरी," असं साहेब म्हणाले आणि मला इथं टाकलं.

मित्रांनो, दार बसवणारे खूप भेटतील. तुमच्यासमोर कुणी 'तात्पुरतं' म्हणालं, तर लाजू नका, विचारा. कधीपर्यंत? आणि काढणार कोण? काम बाहेरच्याला देता येतं, पण त्या कामाची काळजी त्याच्यासोबत बाहेर पाठवता येत नाही. आणि माझ्यासारखा एखादा कोपऱ्यात लुकलुकताना दिसला, तर तो कामच करतोय असं समजू नका. तो घाबरलेलाही असेल.

थांबा. कुणीतरी आलं.

नव्या कंपनीची मुलगी आहे. ड्रॉवर उघडला तिनं. "इथं एखादा जुना राउटर असेल ना ताई? दोन दिवसांसाठी हवाय. तात्पुरता." तिचा हात माझ्या पाठीवर आहे. चिठ्ठी वाचून ती हसली. "बघा, हाच बोलावतोय! 'काढू' म्हणे!"

"काढशील गं," गाडीताईंचा आवाज आला. "पण परत कोण काढणार, आणि कधी, ते आधी सांग."

मुलीनं माझ्या पाठीवरचा हात मागे घेतला. ड्रॉवर अजून उघडाच आहे.