आंबागडच्या वाटेवरची भित्री सायकल

मी सायकल बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. आणि आधीच कबूल करून टाकते, मी भित्री आहे. उताराला भिते, कुत्र्यांना भिते, मागून येणाऱ्या रेतीच्या ट्रकला तर इतकी भिते की आरा न् आरा थरथरतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते मला पाहूनच म्हटलं असावं.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लांबच्या प्रवासासाठी म्हणून मला जाड टायर दिले, मागं सामान बांधायला कॅरिअर दिलं आणि हँडल दिलं मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बसणारा वाकला की वारा त्याच्या पाठीवरून निघून जातो, असं ते शास्त्र. पुढं नागपूरच्या दुकानात मला छताच्या आकड्याला टांगलं. आकडा तुटेल या धास्तीत मी चार महिने काढले.

तिथून मला अश्वजितनं आणलं. हा माणूस जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात कामाला, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. चाळिशी उलटलेली, बोलणं मोजकं. सहा दिवस यंत्रांचा खडखडाट ऐकून त्याचे कान किटलेले असत. शनिवारी ड्यूटी सुटली की तो माझ्यावर बसून आंधळगावला आईकडे यायचा आणि रविवारी उजाडता उजाडता आंबागडच्या डोंगराकडे निघायचा. त्याला शांतता हवी होती. इतकी, की त्यानं पहिल्याच रविवारी माझी घंटी काढून टाकली.

त्याची आई मालनबाई अंगण झाडत होती. तिनं ते पाहिलं.

"घंटी काहून काढली रे?"

"आई, तिकडं आयकाले आहेच कोण?"

"म्हणूनच तं पायजे," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

मला म्हातारीचं पटलं होतं. पण सायकलीला विचारतो कोण?

तो रस्ता मात्र देखणा. आंधळगाव मागं पडलं की धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, लागतात, मग एक तलाव, मग साग आणि मोहाची झाडं दाटत जातात आणि वाट डोंगराशी झोंबू लागते. वर गोंडांच्या काळातला किल्ला. मला पायथ्याच्या झाडाला बांधून अश्वजित वर जायचा, पडक्या बुरुजावर तासभर नुसता बसायचा. खाली मी एकटी. प्रत्येक पान वाजलं की माझा जीव चेनमध्ये अडकायचा.

वाटेत भेटणारी माणसं मोठी मजेची. गाडी असून सायकल चालवणारा माणूस त्यांना समजतो, पण गाडी न घेता महागडी सायकल घेणारा समजत नाही. "पायानंच जाचं होतं तं येवढं हँडल वाकवाले कायले सांगतलं?" असं एकानं विचारलं होतं. अश्वजित हसायचा. मीही हसले असते, पण तेवढ्यात समोर उतार आला.

या हिवाळ्यात तलावाजवळच्या धुळीत पंजांचे ठसे दिसले. रुंद, गोल, नखांची खूण नाही. कळेपर्यंत माझं चाक त्यातल्या एकावरून गेलं होतं. अश्वजितनं उतरून फोटो काढला आणि खूश झाला. मला काही खूश होता आलं नाही. वाघाच्या पावलावर पाय दिलेली सायकल पुढं किती दिवस टिकते, याचा मी हिशेब करत राहिले.

मग मोह गळायला लागला. मोहाची फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. गावानं झाडं घरागणिक वाटून घेतलेली, म्हणून जो तो आपापल्या झाडाखाली एकटाच. एका वळणावरच्या झाडाखाली सखाबाई वेचत होती. तिचा नवरा मुरारी तलावात मासोळ्या धरतो, आणि या दिवसांत ती मोह वेचते. आम्ही उतारावरून निघालो होतो. अश्वजित पार वाकलेला, घंटी नाही, माझा आवाज नाही. सखाबाईनं मान वर केली आणि जी किंकाळी मारली, ती मी जन्मात विसरणार नाही. टोपली उडाली, फुलं रस्ताभर झाली, बाई गुडघ्यावर पडली.

अश्वजित धावला. "मावशी, लागलं का? मानूस आहो मी, मानूस!"

"मानूस हायेस तं मानसावानी ये ना!" ती पदर सावरत उठली. "वाकून काहून येऊन रायला? उभा असला तं मानूस. वाकलं का वाघाले जनावरच दिसते. पाठमोरं तं आनखीनच. माही जाऊ अशीच वेचत होती गेल्या साली. वाकूनच होती."

ती टोपली सरळ करू लागली. अश्वजितनं एकेक फूल गोळा करून टोपलीत टाकलं. मला लाज वाटली. मला वाघाची जी भीती वाटत होती, तीच मी त्या बाईला दाखवली होती.

पुढच्या रविवारी अश्वजित त्या वळणावर उतरून मला हातानं धरून चालला होता. बाईला पुन्हा घाबरवायचं नव्हतं. सखाबाई झाडाखाली होती, तोंड आमच्याकडं, पण नजर जमिनीला, कंबरेत पूर्ण वाकलेली. आणि तिच्या पलीकडं, पंधरा पावलांवर, झुडपात एक कान हलला.

बाकी काही हलत नव्हतं. मग मला पिवळं अंग दिसलं, जमिनीला चिकटलेलं. अश्वजितलाही दिसलं, कारण माझ्या हँडलवरची त्याची मूठ एकदम गार पडली. त्यानं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्याचा अंगठा घंटीच्या जागी गेला आणि रिकाम्या नळीवर फिरत राहिला. सखाबाई एकेक फूल वेचत होती. मी जागेवर विरघळायच्या बेतात होते.

तेव्हा त्यानं मला उचललं आणि रस्त्याकडेच्या दगडांवर आपटलं.

काय आवाज झाला म्हणून सांगू! आरे तुटले, पंप उडाला, पाण्याची बाटली खडखडत उतारावर गेली, पुढचं चाक धरणारा चिमटा दुमडला. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं बोलले. सखाबाई ताडकन उभी राहिली. वाघानं तिच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेबद्दल मला विचारू नका. मग झुडूप हललं आणि तिथं काही उरलं नाही.

बऱ्याच वेळानं दोघं रस्त्यात खाली बसले. सखाबाईनंच त्याला पाणी पाजलं.

"आता नको येऊ मावशी इथं," तो म्हणाला.

"न येऊन कसं जमन बाप्पा? मोह काय माह्यासाठी थांबते? एक मानूस उभा राहाले पायजे खरं तं, पाहारा द्याले. पण नवरा तलावावर, घरात माहे दोनच हात. ते उभे रायले का टोपली रिकामी." तिनं डोंगराकडं बोट केलं. "तू तसाही येतस रविवारी. त्या किल्ल्यावर बसतस. इथं उभा राहाशीन का?"

"राहीन मावशी," अश्वजित म्हणाला. "येत्या रविवारी येतोच."

मुरारीनं मला मोटारसायकलच्या मागं बांधून आंधळगावात कैलाशच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानी आणून टाकलं. त्याच्या जाळ्याचा वास अजून माझ्या सीटला आहे. कैलाशनं चिमटा पाहिला, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "शुक्रवारलोक करून देतो भाऊ. शनिवारी घेऊन जाय."

अश्वजित माझ्याकडं बघत नव्हता. "घाई नाही," तो म्हणाला.

मी चमकले. पंक्चर निघायला दहा मिनिटं लागली तरी येरझारा घालणारा हा माणूस. घाई नाही?

कैलाश शब्दाचा पक्का. काल शुक्रवारी मी पूर्ण झाले. चिमटा सरळ, नवे आरे, चाकात तेल. आज शनिवार. दुपारी मालनबाई येऊन विचारून गेली, "आला का रे माहा पोरगा?" कैलाशनं तिच्यासमोरच अश्वजितला फोन लावला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण कैलाश म्हणाला, "बरं भाऊ, पुढच्या हप्त्यात पाहू." मालनबाई घराकडं वळली. शटर अर्धं खाली आलंय.

अश्वजितभाऊ, तू मला आतून ओळखत नसशील, पण मी तुला ओळखते. 'घाई नाही' कुठून येतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मीही डोळे मिटले की मला तो कान हलताना दिसतो. मलाही वाटतं, इथं तेलाच्या डब्यांमध्ये उभं राहावं, टायर सपाट होईपर्यंत. शहाणा माणूस हेच करील.

पण ती बाई तुझ्या शब्दावर जाणार आहे. उद्या सकाळी ती त्या झाडाखाली पोचेल, रस्त्याकडं एकदा बघेल, आणि आपला माणूस येतोच आहे असं समजून निर्धास्त वाकेल. आजवर ती भीतभीत वाकत होती, दर चार फुलांनी मान वर करत होती. उद्या करणार नाही.

मला न्यायला ये. मी भीतच येईन, तूही भीतच ये. घाई आहे रे, फार घाई आहे.