वंगणबाबा आणि गुडघ्याची वाटी

बजाजनगरच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर वंगणबाबा आणि त्यांच्यासमोर रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर, पाती काढून स्टँडवर आवळलेलं. चेल्यानं बटण दाबलं मात्र, आतून जीवघेणी किंकाळी उठली. बायांनी कानांवर हात ठेवले.

"ऐका! सांधा रडतोय!" बाबा गरजले. "वाटी कोरडी पडली की यंत्र रडतं, मानूसबी रडतं!" यंत्र थांबवून त्यांनी मंतरलेल्या तेलाचा थेंब आत सोडला. पुन्हा बटण. आवाज गायब! "तेल चोळा अन् गोळ्या बंद करा. गोळी अन् तेल एका देहात नांदत नाय!"

पहिल्याच रांगेत सरूबाई हात जोडून बसल्या होत्या. शेजारी त्यांचा मुलगा विश्वजीत, शाळेत विज्ञान शिकवणारा, दातओठ खात होता. आईचा संधिवात गोळ्यांनी आटोक्यात होता. पण डॉक्टर एकदा सहज बोलून गेले, "आजी, वंगण कमी झालंय," आणि बाबांचं आयतंच फावलं. गोळ्या सुटल्या, गुडघे टरटरून सुजले.

"हाय कुनाला शंका?" बाबांनी ऐटीत विचारलं.

विश्वजीत उठला. असली हेलिकॉप्टरं तो स्वतः उडवायचा. धुळीतून उतरवलं की इवलं बेअरिंग धुवायचं, सुकवायचं आणि पातळ तेल द्यायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं व्यासपीठावर चढून बेअरिंग काढलं, बरोबर आणलेल्या पेट्रोलमध्ये खळबळून धुतलं, सुकवून परत बसवलं. बटण दाबताच तीच किंकाळी!

"आतले छर्रे कोरडे घासतात, म्हणून हा आवाज. बाबा बेअरिंग आधीच धुऊन आणतात. आता हे बघा, शिलाई मशीनचं साधं तेल." एक थेंब पडला आणि यंत्र गुमान फिरू लागलं. "ह्यांच्या तेलात वरून चंदनाचा वास आहे, एवढाच चमत्कार!"

जिंकलो, असं विश्वजीतला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून त्याच्या घराशेजारचे बद्रीनाथ ओरडले, "आरं, सरांच्या बी हाताला गुन हाय की!"

"माझीच शक्ती उतरली त्यांच्यात!" बाबांनी संधी साधली. झालं! गर्दी सरांच्या पाया पडायला धावली. "अहो, ऐका तरी," तो कळवळून सांगत राहिला, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

घरी आल्यावर सरूबाईंनी लुगडं गुडघ्यावर सरकवलं. "आता घरातच गुन हाय म्हनल्यावर लाव रे लेका तेल."

"आई, बेअरिंगच्या वाटीला वंगण बाहेरून देतात. तुझ्या वाटीवर कातडी आहे, तेल आत जातच नाही. शब्द सारखा असला म्हणून सांधा सारखा होत नाही. तुझं दुखणं रक्तातलं आहे, त्याला गोळीच लागते. कुणी काही दाखवलं तर आधी विचारावं, हे कशामुळं झालं? डोळे झाकून हात जोडू नयेत गं."

सरूबाईंनी सगळं मन लावून ऐकलं. लेकाचं बोलणं त्यांना नेहमीच गोड वाटायचं.

"व्हय रे इशू. पन समद्यांसमोर यंत्राला लावलंस, अन् आईला नाय म्हनतोस?"

त्यानं गोळी आणि पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी गोळी बाजूला सारून तेलाची बाटली उचलली. वाकड्या झालेल्या बोटांत झाकण काही केल्या फिरेना. तेव्हा बाटली त्याच्यापुढं धरून त्या मायेनं म्हणाल्या, "एवढं झाकन तरी उघडून दे."