कोरा अंगठा

आनंदीबाईच्या दहाही बोटांवर एक रेघ म्हणून नव्हती. तळहातावर होत्या, चांगल्या ठसठशीत होत्या, पण बोटांची टोकं मात्र ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत. तुमच्याआमच्या बोटांवर शंख असतात, चक्रं असतात, ज्योतिष्याला दोन रुपये मिळवून देण्यापुरतं काहीतरी असतंच. हिच्या बोटांवर काहीच नाही. तिची आजी म्हणायची, सटवी पोरीच्या कपाळावर लिहीत बसली, आणि बोटांकडे येईपर्यंत तिची शाई संपली.

आजीला हसू यायचं, आईला मात्र घोर लागला होता. पोरीच्या हातातून ओला पेला सटकायचा, कळशी निसटायची. ‘हिच्या हातात काय टिकाचा नाय’ असं कुणी एकदा म्हटलं की ते वाक्य पोरीच्या आधी सासरी पोचणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी तिने आनंदीला माजघरात नेऊन बजावलं, “बोटांचा कोणी इचारल्यान, तर काजीच्या चिकान रेगो गेल्यो म्हणान सांग. जल्मापासून अशी म्हणान तोंडातसून काडू नको.”

सबब तशी बेमालूम होती. काजू फोडणाऱ्या बायांची बोटं बघितली आहेत कधी? टरफलातला चीक अंगाला लागला की कातडी जळते, काळी पडते, साल निघते. हाताला राख चोळून बसलं तरी चुकत नाही. त्या मुलखात निम्म्या बायांच्या बोटांवरच्या रेषा अशाच अर्ध्यामुर्ध्या पुसलेल्या. त्यात आनंदीबाईची गुळगुळीत बोटं सहज खपून गेली. रेशनकार्डावर, सोसायटीच्या कागदावर तिचा अंगठा उठला की नुसता निळा डाग पडायचा. कारकून कपाळाला आठ्या घालायचा, “चीक ना?” म्हणायचा, आणि पुढच्या माणसाला हाक मारायचा.

एकसष्ट साली तिचा घोव, लवू, तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची, आणि पदरात तीन वर्षांची सीता. तिने आईचं वाक्य अजूनच घट्ट धरलं. कोऱ्या बोटांची गोष्ट तेव्हा बाहेर फुटती, तर भांडं निसटलं तसा नवराही हिच्याच हातून निसटला, असं म्हणायला गावाला कितीसा वेळ लागला असता? माणसं वाईट नसतात हो, पण त्यांच्या जिभेला हाड नसतं.

लवूच्या वाटचा म्हणून एक डोंगर होता. डोंगर कसला, कातळच तो. तिचा थोरला दीर काशिनाथ तेव्हा उदार होऊन म्हणाला होता, “वयनी, तो कातळ तू कर. माका त्याचो काय उपयोग?” आनंदीबाईने तो केला. पहारीने खड्डे खणले, पाटीने माती वाहिली, आणि काजूची साठ रोपं लावली. पाणी खालच्या विहिरीवरून आणावं लागे. ओली कळशी बोटांतून निसटायची, म्हणून तिने कळशीच्या गळ्याला सुंभ गुंडाळून घेतलं होतं. चार उन्हाळे ती तो डोंगर चढली. साठातली एकावन्न जगली. त्या एकावन्न झाडांवर तिने सीतेला वाढवलं, शिकवलं आणि तोंडवलीला चांगल्या घरी दिलं.

आणि आता, शहाऐंशी साली, काजूला भाव आल्यावर, काशिनाथला कातळाचा उपयोग कळला.

झालं असं की, आपल्या माघारी सीतेला त्रास नको म्हणून आनंदीबाईने डोंगराच्या सातबारावर स्वतःचं नाव लावायचा अर्ज दिला. इतकी वर्षं तिथे काशिनाथचं एकट्याचंच नाव होतं, थोरला म्हणून. अर्जावर काशिनाथने हरकत घेतली आणि एक कागद पुढे केला. बासष्ट सालचा. ‘मी लवूची विधवा आनंदी, माझा सगळा हिस्सा राजीखुशीने दिरास सोडून देत आहे.’ खाली तिचा अंगठा. साक्षीदार दोन, दोघेही केव्हाच वर गेलेले.

नोटीस आली तेव्हा आनंदीबाई ‘खोटा कागद’ म्हणून ओरडली नाही. कारण खरं सांगायचं, तर तिला खात्री नव्हती. लवू गेल्यावर सहा महिने ती माणसात नव्हती. कोण कोण कागद घेऊन येत होतं, ‘हयसर आंगठो घाल’ म्हणत होतं, आणि ती घालत होती. त्यात हाही असेल का? तिला आठवेना. सीता तोंडवलीहून धावत आली, तिलाही ती हे सांगू शकली नाही.

“आये, तू घातलंस काय आंगठो?” सीतेने तीनदा विचारलं.

“माका काय म्हायत नाय गो,” एवढंच आनंदीबाई म्हणाली आणि चुलीपुढे जाऊन बसली. एकावन्न झाडं. प्रत्येकाची खोड तिला ठाऊक होती. कुठलं आधी मोहरतं, कुठल्याच्या बोंडाला पाखरं आधी लागतात. ती सगळी एका कागदाने जाणार होती.

सुनावणी गावच्या चावडीत होती. महसुलाचे सर्कल अधिकारी आले होते, कोल्हापूरकडचे, तरुण, नवेच बदलून आलेले. शेजारी तलाठी, दाराशी कोतवाल महादू, आणि ओटीवर निम्मा गाव. आपल्याकडे नाटकाला उशिरा येतील, पण दुसऱ्याच्या सुनावणीला कुणी उशीर करायचं नाही. आनंदीबाईची शेजारीण लक्ष्मी तर डबा घेऊनच आली होती.

काशिनाथने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याच्या जोडीला कडक इस्त्रीची भाषा काढली होती. “साहेब, माझी वहिनी अशिक्षित आहे. तिला स्मरण राहिलेलं नाही. परंतु कागद समोर आहे.”

सर्कलनी कागद आनंदीबाईपुढे सरकवला. “आजी, हा अंगठा तुमचाच का?”

तिने वाकून बघितलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. पण खालचा अंगठा तिला वाचता आला. बारीक बारीक रेघा, एकीत एक गुंतलेल्या, आणि मधोमध एक गरगरीत चक्र. पाण्यात खडा टाकल्यावर उठतं तसं. तिने पुन्हा बघितलं. मग कागद उजेडाकडे धरून तिसऱ्यांदा बघितलं. आणि नोटिशीपासूनचं ओझं असं एकदम उतरलं की तिला चावडीत, सगळ्या पुरुषांसमोर, मोठ्याने हसू आलं.

“ह्यो माजो न्हय!” ती म्हणाली. “साहेबानू, माज्या बोटांवर रेगोच नाय! बगा, धाय बोटां बगा!”

सर्कलनी तिची बोटं बघितली आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबायला लावला, कागदावर उठवला. निळा, सपाट, कोरा डाग. ओटीवर कुजबुज उठली. सीतेचा चेहरा उजळला.

पण काशिनाथ म्हणजे काही कच्चा गडी नव्हता. तो शांतपणे म्हणाला, “बरोबर आहे, साहेब. आज नाहीत. वहिनीनं जन्मभर काजू फोडले. चिकानं रेषा जातात, हे इथं पोरासोरांना माहीत आहे. बासष्ट साली होत्या. हवं तर विचारा गावाला. ती स्वतःच तसं सांगते.”

सर्कलनी तलाठ्याकडे बघितलं. तलाठ्याने मान हलवली. महादू कोतवालाने मान हलवली. ओटीवरच्या सगळ्या माना हलल्या, आणि लक्ष्मी, तिची सख्खी शेजारीण, आपण तिच्याच भल्यासाठी बोलतोय अशा समजुतीने ओरडली, “होय साहेब, चिकानच गेल्यो! आनंदीन माका स्वता सांगल्यान!”

खोटं बोलणाऱ्या माणसाची गंमत अशी असते की त्याचं खोटं सगळ्यांनी मानलं की तोच अडकतो. चाळीस वर्षं जे वाक्य आनंदीबाईने घरोघर वाटलं होतं, ते आता सगळ्या गावाने मिळून तिला परत आणून दिलं. तिला दरदरून घाम फुटला. बोटं मात्र तिची कोरडीच होती, त्यांना कधी घाम येतच नसे.

आता दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं आणि डोंगर सोडायचा, नाहीतर आईने माजघरात झाकलेलं या भरल्या चावडीत उघडं करायचं. तिने लवूची आठवण काढली. मनातल्या मनात आईची क्षमा मागितली. आणि पदर खोचून उभी राहिली.

“मी खोटा बोललंय,” ती म्हणाली. “चाळीस वर्सां सगळ्यांका फसयलंय. चिकान नाय गेल्यो. माज्या बोटांवर रेगो कधीच नव्हत्यो. मी जल्माक इलंय तीच अशी. आवशीन सांगल्यान, सांगू नको, लोक नावां ठेवतले. आता काय ती ठेवा. घोव गेलो तो तापान गेलो, माज्या बोटांनी नाय गेलो!”

लक्ष्मीचा घास तसाच हातात राहिला. सीता आईकडे बघतच राहिली. तिलासुद्धा हे आजच कळत होतं.

“जन्मापासून?” सर्कल म्हणाले. “आजी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण पुरावा काय?”

काशिनाथ मिशीत हसला. “पुरावा कुठला, साहेब. आज एक, उद्या एक.”

आनंदीबाईने खाली बघितलं. लाज वाटली की माणूस खालीच बघतो. चपला दाराबाहेर होत्या. चावडीच्या सारवलेल्या जमिनीवर तिचे दोन पाय होते, रुंद, दणकट, डोंगर चढून चढून झालेले. विहिरीपाशी ओल्या दगडावर हेच पाय सरकायचे. सगळी घसरायची, पण ही जास्त घसरायची, आणि लवू म्हणायचा, तुझ्या पायाला देवाने तेल लावून पाठवलंय.

“काशिनाथ भावजी,” ती हळूच म्हणाली, “चीक हाताक लागता, नाय?”

“मग कशाला लागणार?”

“पायाक खंयसून लागतलो?”

कुणाला काही कळायच्या आत तिने शिक्क्याचं पॅड उचलून जमिनीवर ठेवलं, लुगडं घोट्यावर आवरलं, आणि पायाचा अंगठा त्यावर दाबला. मग तलाठ्याच्या हातातला कोरा कागद ओढून घेतला आणि त्यावर पाय ठेवला. एक अंगठा, मग चारी बोटं, मग दुसरा पाय. तलाठी “अहो, सरकारी कागद!” म्हणेपर्यंत दहाही उठली होती.

सर्कल खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवे बसले. कागदावर दहा निळे डाग. सपाट, स्वच्छ, कोरे. कडेच्या करंगळीचासुद्धा, जिला कधी दगड लागत नाही की माती.

“महादू, इकडे ये,” ते म्हणाले. “तुझा पाय दे.”

महादूने जन्मात चप्पल घातली नव्हती. त्याच्या टाचांच्या भेगांत चार आणे मावले असते. त्याने लाजत लाजत अंगठा उठवला. भेगा उमटल्या, पण भेगांच्या मधून बारीक रेघांचं शेतच्या शेत उमटलं. मग तलाठ्याचा पाय झाला. लक्ष्मी तर न बोलावता आत आली आणि तिने दोन्ही पाय दिले. सगळ्यांना रेषा होत्या. देवाने कुणाच्या बाबतीत शाई वाचवली नव्हती, फक्त एकीच्या.

सर्कल उठले. त्यांनी बासष्ट सालचा कागद खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितला. “ह्या बाईंना जन्मतःच रेषा नाहीत. म्हणजे हा अंगठा त्यांचा नाही. मग काशिनाथराव, हा एवढा रुंद, चक्रवाला अंगठा कुणाचा?”

काशिनाथची इस्त्री उतरली. “माका काय म्हायत? तेवाची गोष्ट... मी खंय बगूक गेलंय...” असं तो बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचा उजवा अंगठा आपोआप मुठीत शिरला होता. ओटीवरच्या एकूण एक माणसाने ती मूठ बघितली. मागून कुणीतरी खाकरलं, आणि मग अख्खी ओटी खाकरली.

“दाखवायची गरज नाही,” सर्कल म्हणाले. “तूर्त नाही. हा कागद मी धरत नाही. डोंगराला बाईंचं नाव लावायचं. आणि हा अस्सल कागद आता माझ्याकडेच राहील.”

सीतेने आईला मिठीच मारली. आनंदीबाई मात्र अजून उभीच होती, निळ्या पायांनी, जणू काम संपल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तलाठ्याने तिचा जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि खालच्या जागेवर बोट ठेवून तो अडला. “साहेब, इथं अंगठा घ्यायचा. पण हिचा उमटत नाही. चालेल?”

“उमटत नाही कसा?” सर्कल म्हणाले. “साऱ्या तालुक्यात दुसरा असा नसेल. हाच घ्या.”

आजवर प्रत्येक कचेरीत आनंदीबाईने अंगठा घाईघाईत टेकवला होता, चोरून टेकवावा तसा. आज तिने पॅडवर नीट दाबला, कागदावर सावकाश ठेवला, आणि पुसट येऊ नये म्हणून वरून दुसऱ्या हाताने दाब दिला. डाग गोल, गच्च आणि स्वच्छ आला. शेजारी सर्कलनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘आनंदीबाई हिचा अंगठा, जन्मतः कोरा.’ आणि ते तिला वाचून दाखवलं.

दुपारी मायलेकी घरी निघाल्या. पाणंदीत वरच्या वाडीतली एक म्हातारी भेटली. तिला चावडीतलं काही ठाऊक नव्हतं. आनंदीबाईचं निळं बोट बघून ती सवयीने म्हणाली, “उमाटलो नाय ना आंगठो? चीक मेलो वायटच गो.”

आनंदीबाई थांबली. तिने दोन्ही हात पुढे केले, दहाही बोटं उन्हात पसरली.

“चीक नाय गो,” ती म्हणाली. “जल्माचीच आसत. नीट बग.”